हॉटेलला नवं नाव मिळालं, कापसाला कधी?

नागपुरात वर्धा रोडवर एक मोठं हॉटेल आहे. बरीच वर्षं ते मालकाच्या घराण्याच्या नावानं चालायचं, आणि आम्ही हिंगणघाटकडचे लोक त्याला तिथल्या लग्नाच्या हॉलमुळे ओळखायचो. यंदा त्याच इमारतीवर एका परदेशी साखळीची पाटी लागली. भिंती त्याच, मालक तोच, खोलीचं भाडं मात्र एकदम वर गेलं. बहिणीच्या मुलीचं लग्न तिथंच होतं. नवरदेवाकडच्यांनी दोन्हीकडच्या जवळच्या माणसांसाठी खोल्या घेतल्या होत्या, म्हणून आमचा मुक्काम तिथं पडला. वेचणी ऐन भरात होती, हे यायला तयार नव्हते, पण बहिणीनं ऐकलं नाही.

हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला त्याची जाहिरात करायची नाही. हॉटेल चांगलं आहे. माणसं अदबीनं वागतात, नाश्त्याला बाकीच्या पन्नास पदार्थांत तर्री-पोहे ठेवतात आणि तर्री खरोखर तिखट असते. मला लिहायचंय ते पलंगावरच्या चादरीबद्दल.

खोलीत शिरल्यावर माझा हात आधी चादरीवर गेला. कापसाच्या घरात जन्म काढला की हात आपोआप जातो. पांढरीशुभ्र, गार, साटीन विणीची, एका अंगानं हलकी चकाकणारी चादर. बाजूच्या टेबलावर कार्ड होतं: शंभर टक्के सुती, ३०० धाग्यांची. एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून ३०० धागे. एवढे धागे एवढ्याशा जागेत बसवायचे तर सूत बारीक लागतं, आणि बारीक सूत कातायला कापसाचा तंतू लांब लागतो. कार्डावर पुढं गादीच्या कंपनीचं नाव होतं, साबणाच्या कंपनीचं होतं. कापूस कुठला, ते नव्हतं.

यांनी चष्मा लावला आणि चादरीचं टोक उलटलं. शिवणीपाशी एक सूत सुटलं होतं. त्याचा पीळ उलटा फिरवून त्यांनी ते उकललं, तंतू दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरले आणि हळूच ओढले. बाजारात कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर असंच करतो. चिमूटभर कापूस घेतो, ओढतो, एकावर एक ठेवतो, पुन्हा ओढतो. तंतू सरळ एका रेषेत आले की लांबी नजरेत भरते. हे म्हणाले, "लंबा हाय. तीसच्या खाली नसंल." तीस मिलिमीटर. आमच्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा चांगला कापूस २९-३० भरतो. त्यांनी ते सूत टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले.

जाऊबाईंच्या माहेरचा एक मुलगा तिथं हाउसकीपिंगला आहे. संध्याकाळी तो भेटायला आला आणि नाव बदलताना काय काय झालं ते त्यानं सांगितलं. "काकू, पाटी तं एका रात्रीत लागली. बाकीचं बदलवता बदलवता वर्ष गेलं." साखळीकडून जाडजूड नियमावली आली. गादी किती जाड, उशा किती, टॉवेलचं वजन किती, लॉबीत वास कुठला, फोन कितव्या घंटीला उचलायचा, सगळं त्यात लिहिलेलं. साखळीची माणसं न सांगता पाहुणे म्हणून येऊन राहतात आणि तपासून जातात. मालक त्यांना नावापोटी कमाईतला वाटा देतो. जुनी माणसं कामावरून काढली नाहीत, त्यांना नव्यानं शिकवलं, याचं मला बरं वाटलं. चादरी मात्र सगळ्या नव्या आल्या, प्रत्येक पलंगामागे तीन जोड: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. जुन्या टॉवेलांवर जुन्या नावाचं अक्षर भरलेलं होतं, ते कंडम केले आणि कापून फडकी केली. त्यातलं एक त्याच्या खिशातच होतं. कडेला निळ्या रेशमानं भरलेलं अक्षर, कात्री त्याच्या मधून गेलेली. सूत अजून मजबूत होतं.

यांनी तिथंच कागदावर हिशेब मांडला. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की ३४ किलोच्या आसपास रुई निघते, बाकी सरकी, म्हणजे बी. कताई-विणाईतली तूट सोडली तर त्यात तसल्या मोठ्या चादरी पंचवीसेक व्हाव्यात. लांब धाग्याच्या त्या क्विंटलला २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये, तोही ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण. १२ च्या वर गेला की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावरून गाडी परत. खोलीचं भाडं ७,५०० च्या वर, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी. एका रात्रीचं बिल क्विंटलच्या पुढं जातं. भाड्याला माझी हरकत नाही. पण त्याच भिंतींचं भाडं वाढलं त्यात नावाचा वाटा मोठा आहे, आणि तेच आमच्या मालाला मिळत नाही.

एके काळी मिळत होतं. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' या नावानं कापसाचा वेगळा भाव निघायचा. अमरावतीकडचा कापूस 'ऊमरा' म्हणून विकला जायचा. तिकडच्या व्यापाऱ्याला आमचं गाव नकाशावर सापडलं नसतं, पण नाव घेऊन तो माल मागायचा. जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढली ती कापूस इथं पिकतो म्हणून; १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यांच्या कमाईत या गिरणीचा मोठा वाटा होता, आणि त्यांनीच १९०३ साली मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं. वऱ्हाड-नागपूरचा कापूस आणि मोठी हॉटेलं यांचं नातं इतकं जुनं आहे. शाळेत आमच्या पोरांना हे कुणी सांगत नाही, सांगायला हवं.

आता गावातून गाडी निघते, काटा होतो, जिनिंगच्या आवारात ढीग लागतो. आमच्या ढिगावर शेजारच्या गावाचा, त्यावर आणखी कुठला. १७० किलो रुईची गाठ बांधली की तिच्यावर जिनिंगचा नंबर येतो. आमचं नाव तिथं संपतं. आणि बिननावाच्या मालाला घासाघीस करायला जोर राहत नाही. २०२५ मध्ये १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं, नेमकं आमचं बोंड फुटायच्या वेळी. गिरण्यांना बाहेरचा कापूस स्वस्त पडला. आमचाच कापूस हवा असं म्हणणारा गिऱ्हाईक आमच्याकडे नव्हता.

केंद्र सरकारनं ७ ऑक्टोबर २०२० ला भारतीय कापसाला 'कस्तुरी' हे नाव दिलं. त्यात गाठीवर क्यूआर कोड लावून तिचा माग ठेवायची सोय आहे. मला ते मनापासून आवडलं. त्या कोडात गावाचं नाव यावं, एवढंच माझं मागणं आहे.

नाव मिळवायचं तर माल तसा द्यावा लागतो, हेही खरं. खताच्या पोत्यात कापूस भरला की प्लास्टिकचा धागा रुईत जातो, आणि तो रंगाईपर्यंत दिसतसुद्धा नाही. दवानं भिजलेला सकाळचा कापूस वाळवल्याशिवाय ढिगात टाकू नये, कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेगळी वेचावी. पण वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर असते. बोंडाच्या वाळक्या टोकांनी तिची बोटं फाटलेली असतात, पाठीवर ओझं असतं. सावकाश, स्वच्छ वेचण्यात तिचंच नुकसान. तो वेळ कुणीतरी विकत घ्यायला हवा. ३०० धाग्यांची चादर जे अंथरतात त्यांनी घ्यावा, असं मला वाटतं. त्यांना ते परवडतं.

निघताना काउंटरवर अभिप्रायाचा फॉर्म दिला. सेवा, स्वच्छता, जेवण या रकान्यांत मी भरभरून चांगलं लिहिलं, कारण तसंच होतं. खाली मोकळ्या जागेत मराठीत लिहिलं की पुढची चादर घ्याल तेव्हा गिरणीला विचारा, कापूस कुठल्या तालुक्यातला आहे, आणि ते कार्डावर छापा. मॅनेजर तरुण होता. त्यानं उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, खरेदीचे नियम वरून ठरतात." मी म्हटलं, "मग वर कळवा. एवढ्या मोठ्या पुस्तकात एक ओळ मावेल." त्यानं फॉर्मचा फोटो काढून घेतला.

गावी परतल्यावर आमच्या बचत गटात हे बोलणं काढलं. पाच घरं तयार झाली आहेत. पहिल्या-दुसऱ्या वेचणीतला जो स्वच्छ कापूस अजून घरात आहे तो सुती चादरींत बांधून वेगळा ठेवायचा, वेचणाऱ्या बायांना किलोमागे दोन रुपये जास्त द्यायचे. जिनिंगवाला म्हणाला, ५० क्विंटल एकत्र आणाल तर मशीन साफ करून तुमच्या गाठी वेगळ्या बांधून देतो. ५० क्विंटलच्या दहा गाठी होतात. सध्या आमच्याकडे ३८ क्विंटल जमलाय, आणखी दोन घरांशी बोलणं चालू आहे.

हॉटेलातल्या मुलाला फोन करून सांगितलं की चादरींची पुढची ऑर्डर निघेल तेव्हा गिरणीचं नाव विचारून ठेव. तो म्हणाला, "इचारतो ना काकू. तुमी पहिले गाठी तं बांधा."