बोडोनी इटॅलिक लावायचा तर मोठाच लावा

सध्या लग्नपत्रिका, साड्यांच्या जाहिराती, कॅफेच्या पाट्या, जिकडे बघावं तिकडे तो एका प्रकारचा इंग्रजी फॉन्ट दिसतो, जाड रेघ चांगली जाड, बारीक रेघ अगदी केसाएवढी, आणि वर तिरका, ऐटदार. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि त्यातही बोडोनी या फॉन्टचं इटॅलिक, म्हणजे तिरकं अक्षर, सगळ्यात जास्त. पण खूपदा तो इतक्या बारीक साइजला लावलेला असतो की बघून जीव तुटतो, म्हणून लिहितेय.

जांबात्तिस्ता बोडोनी इटलीतला, 1740 चा जन्म, वडिलांचाही छपाईचाच धंदा. 1768 पासून तो पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळायचा आणि मरेपर्यंत टाइप, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, कोरत राहिला. तो 1813 मध्ये गेला, आणि त्याच्या टाइपांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ त्याच्या बायकोने, मार्गेरिताने, 1818 मध्ये छापून पूर्ण केला, याबद्दल मला तिचं फार कौतुक वाटतं. इतकी बारीक रेघ छापता आली त्यामागे कागदाचा मोठा हात आहे. त्याच्या आधी इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिलने गुळगुळीत कागद आणि गडद शाई यांच्यावर खूप मेहनत घेतली होती, खडबडीत कागदावर ती रेघ टिकलीच नसती. तेव्हा लोक म्हणायचे असलं वाचून डोळे जातील!

आता अक्षर जवळून बघा. स्मॉल एन घ्या, स्क्रीनवर हातभर मोठा करा. पहिला दांडा जाड उतरतो, मग त्याच्या अंगातूनच, बरंच खालून, एक बारीक रेघ वर चढते, वळते आणि वळता वळता जाड होत खाली येते, शेवटी परत बारीक होऊन उजवीकडे उचलली जाते. ही टोकदार लेखणीची चाल आहे, वर जाताना हात हलका, खाली येताना दाब. सरळ बोडोनी नुसता तिरका केला तर हे काहीच मिळत नाही. वेबसाइटवर इटॅलिकची फाइल लोड केली नसेल तर ब्राउझर नेमकं तेच करतो, सरळ अक्षर ढकलून देतो. ओळखायचं कसं, तर स्मॉल ए बघायचा, खऱ्या इटॅलिकमध्ये तो हाताने लिहितो तसा एकमजली असतो, आणि एफची शेपटी ओळीच्या खाली उतरते. शिशाच्या टाइपात या एफचा वरचा आकडा खिळ्याच्या बाहेर लटकायचा आणि छापताना मोडायचाही.

मुख्य मुद्दा साइजचा. धातूच्या काळात प्रत्येक साइजचं अक्षर वेगळं कोरलेलं असायचं, लहान साइजला बारीक रेघ थोडी जाड ठेवायची, अक्षरांत जागा जास्त सोडायची. कॉम्प्युटर आला आणि एकच आकृती लहानमोठी करणं सुरू झालं, त्यात हे ज्ञान बाजूला पडलं. 1994 मध्ये आयटीसी या फॉन्ट कंपनीच्या बोडोनीसाठी डिझायनर मंडळी मुद्दाम पार्माला जाऊन मूळ सामान बघून आली आणि सहा, बारा, बहात्तर पॉइंट अशा तीन वेगळ्या आवृत्त्या केल्या. आज फुकटात हवं असेल तर बोडोनी मोडा हा फॉन्ट आहे, त्यात 6 ते 96 पॉइंटपर्यंत ऑप्टिकल साइजची, म्हणजे साइजप्रमाणे रेघेची जाडी बदलायची, सोय आहे, वेबवर त्याची व्हेरिएबल फाइल (हे सगळे बदल एकाच फाइलमध्ये असलेली) नीट लावली तर ब्राउझर आपणहून योग्य रेघ निवडतो. मग पत्त्याच्या ओळीला 96 वाली आकृती 8 पॉइंटला का लावायची? तिथे रेघा गायब होतात आणि नुसते जाड दांडे उरतात.

छपाईत अजून जपायला लागतं. चार शाया एकावर एक छापून केलेल्या काळ्यावर पांढरी अक्षरं काढली की रजिस्ट्रेशन, म्हणजे त्या रंगांची जुळणी, जरा हललं तरी बारीक रेघ बुजते, आणि दाणेदार कागदावर सोनेरी फॉइल मारली की ती मध्येच तुटते. एका रंगात, गुळगुळीत कागदावर, नाव मोठं, मग बघा काय दिसतं ते.

आणि कृपा करून मराठी नाव त्याला जुळवायला तिरकं करू नका. काना कलंडतो, शिरोरेषा आडवीच राहते, शब्द पडायला आल्यासारखा वाटतो. रोमन लिपीत इटॅलिक हे पळत्या हाताचं अक्षर, 1501 मध्ये व्हेनिसला आल्दुस मानुत्सिउस या छापखानेवाल्याने त्यात अख्खं पुस्तक छापलं. आपल्याकडे पळत्या हाताचं काम मोडी करायची आणि ती वेगळी लिपीच राहिली. देवनागरीतला जाडबारीकपणा तिरप्या कापलेल्या बोरूचा, दाबाचा नाही. म्हणून मी मराठी सरळच ठेवते, आणि जाडबारीकचा फरक ठसठशीत हवा असेल तर रोझा वन हा फॉन्ट घेते, त्यात देवनागरी आणि रोमन दोन्हीत जाडबारीक अगदी टोकाचं आहे. खाली इंग्रजी नाव बोडोनी मोडाच्या जाड इटॅलिकमध्ये. पॉइंटचा आकडा दोन्हीकडे सारखा ठेवून जमत नाही, कारण मराठीला वर वेलांटी आणि खाली उकार यांची जागा लागते, तेव्हा दोन्हींच्या जाड रेघा डोळ्याला सारख्या दिसेपर्यंत साइज कमीजास्त करायचा आणि एकदा कागदावर प्रिंट काढून बघायचा.