गोळीचे पाच फन

चीनमधल्या सुझौत राहायला आल्यावर इथल्या बागा, कालवे, रेशीम याबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण लिन चाओबद्दल कळलं आणि बाकी काही सुचेचना. ही इथलीच मुलगी. पेकिंग विद्यापीठात शिकलेली, क्रांतीवर मनापासून विश्वास, जमीनसुधारणेच्या कामासाठी खेड्यात जाऊन राबलेली. १९५७ला माओ आधी म्हणाला खुशाल टीका करा, लोक बोलले, आणि मग बोलणाऱ्यांनाच 'उजवे' ठरवून टाकलं, साडेपाच लाख माणसं! त्यात ही पण, आणि ही काही नमली नाही. १९६०ला अटक झाली, महिन्याभरात वडिलांनी विष घेतलं. शांघायच्या तुरुंगात ती बोट टोचून स्वतःच्या रक्ताने लिहायची. २९ एप्रिल १९६८ला तिला गोळी घातली आणि दोनच दिवसांनी पोलीस तिच्या आईच्या दारात, गोळीचे पाच फन द्या म्हणून. पाच फन म्हणजे युआनचा विसावा हिस्सा! पोटची पोर मारली तिचे पैसे आईकडून?? माझीही लेक आहे हो, वाचून अक्षरशः हात थरथरले.

आणि ही एकटी नाही. १९५८ नंतर पिकांचे फुगवलेले आकडे वर गेले, त्याच आकड्यांवर सरकारने लेव्ही उचलली, पिकवणारेच उपाशी मेले, कोट्यवधी.

आपल्याकडे तरी काय मोठं, आणीबाणीत लोक तुरुंगात सडलेच की. पण त्यावर आपण आजही चारचौघात तावातावाने भांडतो. इथे हा विषय काढला की समोरचा चहा ओतायला लागतो.

१९८०ला कोर्टाने तिला निर्दोष ठरवलं, कारण काय तर ती वेडी होती म्हणे! पुढच्या वर्षी ते कारण काढलं. तरी लिंगयेन डोंगरावरच्या तिच्या थडग्याशी खांबावर कॅमेरा लावलेला आहे आणि २९ एप्रिलला पोलीस लोकांना वाटेतच अडवतात. याचा मला इतका संताप येतो की काय सांगू.

दादा फोनवर म्हणतो, मग राहतोस कशाला तिथे? अरे, नोकरी आहे, लेकीची शाळा आहे, आणि मी सोलापूरचा म्हटल्यावर डॉ. कोटणीसांचं नाव आदराने घेणारे म्हातारे याच देशातले ना? पोलीस अडवतील हे माहीत असून लिन चाओसाठी फुलं घेऊन डोंगर चढणारेही चिनीच आहेत, दादा.