कडेचे तुकडे

लहानपणी शंकरपाळ्यांच्या दिवशी माझ्याकडे एकच खातं असायचं, कातण फिरवायचं. आई पोळी लाटून पोळपाट माझ्यापुढे सरकवायची. मी आधी उभ्या रेघा मारायचो, मग तिरक्या. पोळी गोल आणि शंकरपाळी चौकटच्या एक्क्यासारखी, त्यामुळे कडेला नाना आकारांचे तुकडे उरायचे. त्रिकोण, होडी, एकदा तर हुबेहूब श्रीलंका. आई ते गोळा करून पुन्हा लाटायची नाही. "परत लाटलं की निबर होतात," म्हणायची आणि तसेच तळायची. सुबक शंकरपाळ्या मोठ्या डब्यात, आल्यागेल्यासाठी. कडेचे तुकडे लहान डब्यात, घरच्यांसाठी. हा मला कधीच अन्याय वाटला नाही. कडेची पोळी जरा पातळ असते, ती अंमळ जास्त तळली जाते आणि साखर करपायच्या अगदी अलीकडे येऊन थांबते. ती चव मोठ्या डब्याच्या नशिबात नव्हती.

यंदा आईचा खांदा धरलाय. तेव्हा कातणापासून बढती मिळून सगळंच माझ्याकडे आलं. ती साताऱ्याला, मी पुण्यात, मध्ये व्हिडिओ कॉल.

"दूध एक वाटी, साखर एक वाटी, तूप एक वाटी, चिमूटभर मीठ. मैदा मावेल तेवढा."

"कुठली वाटी?"

"कुठलीही घे, पण एकच घे."

हे 'मावेल तेवढा' कुठल्या मापात बसतं ते विचारायचं धाडस झालं नाही. डब्यातलं तूप घट्ट, रवाळ होतं. मी ते चमच्याने दाबून, वर शीग लावून वाटीत भरलं. सणाच्या दिवशी तुपात हात आखडता कशाला? दूध, साखर, तूप एकत्र गरम केलं, साखर विरघळली, मिश्रण कोमट झालं. मग मैदा. चार वाट्यांनंतर गोळा असा मऊसूत झाला की मी स्वतःवरच खूश होऊन थांबलो.

पहिल्या घाण्यात डझनभर शंकरपाळ्या सोडल्या. त्या तळाशी गेल्या आणि तेल फेसाळायला लागलं. फेस कढईच्या काठापर्यंत आला तसा मी गॅस बंद केला. झाऱ्याने चाचपलं, तर शंकरपाळ्या नाहीतच! तळाशी नुसती तांबूस वाळू. बारापैकी एकही वाचली नाही.

मी फोन कढईवर धरला. आईने जराही हळहळ दाखवली नाही. "तूप पातळ करून मोजलंस का?" मी गप्प. "मग जास्त झालं. तूप जास्त झालं की पीठ एकमेकांना धरत नाही, तेलात सुटतं. आणि आधी एकच सोडून बघायची असते, हे सांगायला हवं होतं का?"

तूप कमी पडलं असतं तर उलटी तऱ्हा, दाताशी भांडणाऱ्या शंकरपाळ्या. म्हणजे खुसखुशीतपणा तुपाचा, पण तो पेलायला मैदा हवा. उरलेल्या गोळ्यात आणखी दीड वाटी मैदा गेला तेव्हा कुठे आईने मान डोलावली. पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी घट्ट. अर्धा तास झाकून ठेवला, तेवढ्यात तेल गाळून घेतलं.

झाकलेल्या गोळ्याकडे बघत बसलो असताना नावाचा विचार आला. शंकरपाळीचा कैलासाशी काही संबंध नाही. फारसीत शकर म्हणजे साखर आणि पारा म्हणजे तुकडा. हिंदीत अजून शकरपारेच म्हणतात, आणि उत्तरेत त्यावर पुष्कळदा साखरेचा पाकही चढवतात. आपल्याकडे येईपर्यंत साखरेचा शंकर झाला. आकार तर आपण असा उचलला की काजूकतलीपासून गोधडीच्या टाक्यांपर्यंत कशालाही 'शंकरपाळीसारखा' म्हटलं की पुरतं. समभुज चौकोन शाळेत शिकवतात, पण तो आधी पोळपाटावर भेटलेला असतो. माझ्या मुलीने मध्येच सुचवलं की सरळ चौकोनच कापू, म्हणजे कडेला कमी वाया जाईल. चव तीच राहिली असती, कबूल. पण चौकोनी शंकरपाळी म्हणजे बिस्कीट.

दुसऱ्या घाण्याला मी घाई केली. तेल कडकडीत तापलं होतं, मिनिटभरात सुरेख रंग आला. फोडून पाहिली तर आत पांढरं पीठ. पिठातच साखर असल्यामुळे रंग फार लवकर चढतो, त्यावर जायचं नसतं. तिसऱ्या वेळी गॅस मंद केला. आता शंकरपाळ्या सावकाश वर आल्या, भोवती बारीक बुडबुडे, कडांना हळूहळू पदर सुटताना दिसले. एका घाण्याला आठ-दहा मिनिटं. एवढा वेळ झारा हातात धरून नुसतं उभं राहणं हे खरं कष्टाचं काम. "बदामी झाल्या की काढ, बाहेर आल्यावर आणखी लाल होतात," इति फोन. चाळणीत काढल्या आणि खरंच, माझ्या डोळ्यांदेखत त्या एक छटा पुढे गेल्या.

संध्याकाळी निवडून निवडून पंधरा-वीस शंकरपाळ्या ताटलीत रचल्या आणि आईला दाखवल्या. तिने चष्मा चढवला.

"छान झाल्यात. आणि कडेचे कुठेत?"

मुलीने लहान डबा कॅमेऱ्यासमोर उलटा करून दाखवला. दोन कण पडले. मला काही सांगता येईना, तोंडात शेवटचा त्रिकोण होता.