तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवात मासळीपासून का?

पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, कापडी पिशव्या दर वर्षी कोणी ना कोणी वाटतं, तरी गोव्यात फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या बाजारात ती दिसतेच. असं का? आणि आपल्या गावात काही करायचं तर हात कुठे घालायचा? हे दोन प्रश्न आम्हाला नेहमी विचारले जातात. दोन्हींचं उत्तर एकच: मासळी.

नारळ, कांदे, वाल, केळी कुठल्याही कापडी पिशवीत जातात. सुंगटं, म्हणजे कोळंबी, जात नाहीत. त्यांचं पाणी झिरपतं आणि बसमध्ये शेजारच्याच्या कपड्यांना लागतं. म्हणून घरून तीन कापडी पिशव्या घेऊन आलेलं माणूसही मासळीला प्लास्टिकच मागतं. तेही दुहेरी, कारण सुंगटाचं टोकदार तोंड एका थरातून सहज बाहेर येतं. रक्त आणि खवले लागलेली ही पिशवी घरी कोणी धुवत नाही, भंगारवाला घेत नाही. मग ती गटारात जाते किंवा वासाने आलेली कुत्री फाडतात. सगळ्यात वाईट पिशवी हीच आणि कापडी पिशव्या वाटून ती एकही कमी होत नाही.

कायदा स्पष्ट आहे. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि सजावटीचं थर्मोकोल बंद झालं. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनहून पातळ पिशवी चालत नाही. पण मासळीवालीने जाड पिशवी दिली तरी ती त्याच गटारात जाणार, आणि तिचं प्लास्टिक जास्त.

म्हणून मासळीला घरून स्टीलचा डबा न्यायचा. गोल नको, लांबट हवा: आतून निदान 25 सेंटिमीटर, म्हणजे बांगडा न वाकवता मावतो. एक किलोला दोन लिटरचा डबा पुरतो. झाकण घट्ट हवं, पण रबराची रिंग निघणारी असावी. मासळीचा वास स्टीलला नाही, रिंगखालच्या खाचेत राहतो, आणि लोक डबा नेणं सोडतात ते बहुतेक या वासापायी. धुताना आधी थंड पाणी, मग साबण आणि कढत पाणी. उलट केलं तर रक्त आणि चिकटा कढत पाण्याने गोठून धातूला धरतो. पावसात डबा झाकण लावून ठेवू नका, उघडाच पालथा घाला.

आपल्याकडे अर्धी मासळी वाट्याने विकली जाते, हे इथे फार सोयीचं आहे. वाटा उचलला, डब्यात टाकला, वजनाचा प्रश्नच नाही. इसवणाचे (सुरमईचे) तुकडे किंवा मटण तोलून घेताना मात्र वाद होतो. तिथे रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि गिऱ्हाइकाला तो आकडा दिसला पाहिजे. साध्या तराजूवर दोन्ही पारड्यांत सारखे डबे ठेवले की काम होतं.

एकटीच मासळीवाली 'पिशवी नाही' म्हणाली तर गिऱ्हाईक शेजारणीकडे वळतं आणि संध्याकाळी हिचा माल उरतो. तिला दोष देण्यात अर्थ नाही. अख्ख्या रांगेने एकाच दिवशी सुरुवात करायला हवी, आणि डबा विसरलेल्यासाठी बाजाराच्या तोंडाशी उसन्या डब्यांचं टेबल हवं. ते महिला मंडळाने किंवा बचत गटाने चालवावं. नगरपालिकेकडून फक्त नळ, छप्पर आणि कुलपाचं कपाट मागा.

ठेव डब्याच्या किमतीइतकीच घ्या. दयेने कमी घेतली की डबा घरी तांदळाला लागतो आणि परत येत नाही. संख्येत बहुतेकजण चुकतात. शुक्रवारच्या बाजारात शंभर डबे उसने जात असतील तर शंभर पुरत नाहीत. गेल्या शुक्रवारचे परत येतात ते ऐन गर्दीत, न धुतलेले. त्यामुळे दोनशे हवेत, वर हरवण्या-चेपण्यासाठी वीसेक. रोजच्या बाजारात लोक डबा सरासरी चार दिवसांनी आणत असतील तर दिवसाच्या मागणीच्या पाचपट धरा.

कोरड्या मालाच्या पिशव्या मात्र स्वस्तात होतात. साडेपाच मीटरच्या जुन्या सुती साडीतून बारा निघतात. रुंदीत 42 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापा, प्रत्येकीचे 90 सेंटिमीटरचे सहा तुकडे करा. उरलेल्या पट्टीतून 8 सेंटिमीटर रुंद, 55 सेंटिमीटर लांब बंद, म्हणजे धरायचे पट्टे, काढा, पिशवीला दोन. बंद नुसता काठाला शिवू नका. चार बोटं खाली आणून चौकोन आणि मधे फुली अशी शिवण घाला, नाहीतर दोन नारळांतच उसवतो. जॉर्जेट आणि नायलॉनच्या साड्या घेऊ नका, शिवण सरकते. आणि दुकानात 'कापडी' म्हणून मिळणारी रंगीत, न विणलेली पिशवी कापडी नसते. ती पॉलिप्रोपिलीनची असते. एक कोपरा जाळून बघा, राख न होता वितळून मणी बनतो.

कधी सुरू करायचं? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बाजारात मासळी कमी, गर्दी कमी, मासळीवाल्यांना बोलायला वेळ. जूनमध्ये त्यांच्याशी बोलून डब्याचा आकार ठरवा, जुलैत टेबल मांडून थोड्या डब्यांवर धुण्याची घडी बसवा, म्हणजे ऑगस्टच्या गर्दीला सगळे डबे तयार असतील. वहीत तीनच रकाने ठेवा: किती गेले, किती आले, किती चेपले. महिन्याने ती वही मासळीवाल्यांसमोर उघडा आणि पुढची खरेदी त्यांनाच ठरवू द्या.