लिटमसचा तुकडा

नववीची सहल अजिंठ्याला न्यायचं ठरलं होतं, पण वर्गणी काही जमेना. शेवटी विज्ञानाचे सर म्हणाले, "चला, लोणारला जाऊ." आम्ही तोंडं वाकडी केली. लेणी सोडून खड्डा बघायचा!

१९८५ची गोष्ट. जालन्याहून लाल डबा निघाला, मांडीवर दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. वाटेत सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात उतरलो. जिजाऊंच्या जन्मस्थानी इतिहासाच्या बाईंनी तासभर शिकवलं. मला आठवतो तो फक्त दगडी दरवाजातला गारवा. (बाई, क्षमा असावी.)

लोणारच्या काठावर मात्र आमचा गलका आपोआप थांबला. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीची वाटी जमिनीत रुतवून ठेवावी तसं ते, उतारावर झाडी आणि तळाशी हिरवं पाणी. सरांनी आधी लवणासुराची गोष्ट सांगितली. विष्णूने त्याला इथेच मारलं, म्हणून गावातल्या देवळातला देव दैत्यसूदन. मग काळ्या बसाल्ट खडकावर आकाशातून येऊन आदळलेल्या अशनीची, म्हणजे उल्केच्या दगडाची, सांगितली. खरी कोणती, ते बोलले नाहीत. परीक्षेत कोणती लिहायची, तेवढं बजावलं.

गोमुखाच्या धारेखाली ओंजळ धरली, पाणी गोड. खाली झाडीतून उतरत गेलो तसा सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. कमळजादेवीच्या देवळापुढे काठाच्या चिखलावर पांढरा खार फुटलेला. तिथे चिखलाचे हात धुतले तर साबण लावल्यासारखे बुळबुळीत! सरांनी खिशातून लाल लिटमसची पुडी काढली. कागद मोजकेच, पोरं साठ. मग एकेका पट्टीचे कात्रीने तुकडे करून प्रत्येकाच्या हातात एक. बुडवला, आणि वर काढेपर्यंत निळा, म्हणजे पाणी अल्कधर्मी! माझा तुकडा प्रयोगवहीत चिकटवला होता, वही अजून आहे.

२०२०च्या जूनमध्ये तेच तळं गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण कळलं: पाणी आटून खारटपणा वाढला, मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांचाच तो रंग. त्याच वर्षी सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेलं. पण पेपरात फोटो दिसला त्या सकाळीच मी सरांना फोन लावला होता. सर पंचाहत्तरीला टेकलेले.

"सर, आपलं लोणार गुलाबी झालं!"

"बघितलं. लिटमस लावला का कुणी?"

— एक माजी विद्यार्थी, दहावी, १९८७