मग महाडला काय केलं होतं?

तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण मी दरवर्षी शिकवते. सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग आता सोडले पाहिजेत, ते म्हणजे अराजकाचं व्याकरण, असं त्यांनी त्यात बजावलं. यंदा ते वाचून होतंय तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मग महाडला काय केलं होतं?" आवाजात राग होता. तिच्या वस्तीतली माणसं पाण्यासाठी धरणं धरून बसली होती आणि कुणीतरी हेच वाक्य त्यांना ऐकवलं होतं.

पुढचा धडा राहू दिला. आधी महाड. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ला झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं होतं. म्हणजे २० मार्च १९२७ला लोक तळ्यावर गेले ते कागदावर मिळालेला हक्क बजावायला. डिसेंबरात हजारो लोक पुन्हा जमले तेव्हा दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं आणि खटला लढवला. हायकोर्टाचा निकाल आला १९३७ला.

पण एवढंच सांगणं अर्धवट झालं असतं. संपावर बंधनं घालणारं विधेयक १९३८ला काँग्रेस मंत्रिमंडळाने आणलं, तेव्हा संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असं ते विधिमंडळात बोलले आणि ७ नोव्हेंबरला संपातही उतरले. १९४६ला त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह केला. इथे समोर थेट सरकार होतं. तीन वर्षांनी तेच सत्याग्रह नको म्हणतात, कारण आता प्रौढ मताधिकार आणि कोर्टात दाद मागता येणारे मूलभूत हक्क राज्यघटनेत येत होते. माझ्या मते हा बदल खरा आहे, तो झाकायची गरज नाही. पण तो सशर्त आहे. तो परिच्छेद मी पुन्हा, सावकाश वाचला. घटनात्मक मार्ग उरलेच नव्हते तेव्हा त्या पद्धतींचं पुष्कळसं समर्थन करता येत होतं, ते खुले असताना करता येणार नाही, असं ते म्हणतात. वाक्य तोंडावर फेकणारे नेमकं हेच गाळतात, आणि याचा मला मनापासून संताप येतो.

मुलगी उभीच होती. "दहा वर्षं खटला चालतो, तो मार्ग खुला म्हणायचा?"

मी सांगितलं, की तो खटला चालू असतानाच, १९३०ला, बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला होता. कोर्ट सोडलं नाही आणि लोकांना घरीही बसवलं नाही. १९४९नंतर याचं काय करायचं, यावर वर्ग दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडला. बेल झाली तरी कुणी उठेना.

तिने तो परिच्छेद मराठीत मागितला. वस्तीत वाचून दाखवायचा होता. मधल्या सुट्टीत मी तो अख्खा लिहून दिला, अटीसकट.