गॅस्ट्रिक बलून: माझे नऊ दिवस कॅशलेसच्या अर्जात गेले

वजन कमी करण्यासाठी जठरात ठेवायचा हा बलून बसवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. गुंगीचं इंजेक्शन देतात, रिकामा सिलिकॉनचा बलून तोंडावाटे जठरात उतरवतात, एंडोस्कोपीने जागा पाहून त्यात ५००-६०० मिली सलाइन भरतात आणि नळी काढून घेतात. पणजीत सकाळी दाखल झालो, संध्याकाळी घरी. अडलं ते त्याआधी. कॅशलेसचा, म्हणजे विमा कंपनीने थेट हॉस्पिटलला पैसे द्यावेत यासाठीचा, अर्ज नऊ दिवस पडून राहिला आणि मग नामंजूर झाला.

त्या अर्जात उपचाराच्या प्रकारासाठी चौकटी असतात: औषधोपचार, शस्त्रक्रिया, अतिदक्षता, तपासणी. बलून यातल्या एकीतही नीट बसत नाही. ना चिरा, ना टाका. इन्शुरन्स डेस्कने 'शस्त्रक्रिया'वर खूण केली आणि सगळं तिथेच अडकलं. टीपीएची (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था) पहिली क्वेरी आली: शस्त्रक्रियेचा कोड द्या. दुसरी: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आणि आधी केलेल्या डाएटचे कागद. तिसरी पुन्हा बीएमआयचीच, पण डॉक्टरांच्या लेटरहेडवर. प्रत्येक क्वेरी संध्याकाळी यायची, तोवर डेस्क बंद झालेलं असायचं. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा असतो. डेस्कचं म्हणणं, क्वेरी निघाली की तास नव्याने सुरू. नवव्या दिवशी उत्तर आलं: एक्सक्लूजन ०६, म्हणजे पॉलिसीतून वगळलेल्या खर्चाचं एक कलम.

हे कलम सगळ्या कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसींत जवळपास त्याच शब्दांत असतं. लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया वगळलेली. ती मिळायची तर डॉक्टरांचा सल्ला हवा, वय किमान १८ हवं, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. बीएमआय ३५ चालतो, पण सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह असेल आणि कमी त्रासाचे उपाय करून झाले असतील तरच. बलून प्रामुख्याने ३० ते ४० बीएमआयवाल्यांना देतात. माझा ३४. म्हणजे अर्जाच्या पहिल्या पानावरचा आकडा पाहून पहिल्याच दिवशी 'नाही' म्हणता आलं असतं. नकार मी समजू शकतो. ते नऊ दिवस मला अजून खुपतात.

म्हणून तारीख घेण्याआधीच विमा कंपनीला ईमेल करा, टीपीएला नव्हे. 'एंडोस्कोपीने बसवायचा इंट्रागॅस्ट्रिक बलून, बीएमआय अमुक, पॉलिसीत बसतो का? नसेल तर कोणत्या कलमाने?' एवढंच विचारा. फोनवर कुणी 'बलून कव्हर आहे' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पॉलिसीतल्या आधुनिक उपचारांच्या यादीत 'बलून सायनुप्लास्टी' आहे, ती नाकाच्या सायनसची. दावा नाकारताना कंपनीने कलम दाखवणं बंधनकारक आहे. ते न पटल्यास आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. गोव्याच्या तक्रारी पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. फी नाही, वकील लागत नाही.

पैसे स्वतःच भरणार असाल तर पॅकेजमध्ये बलून काढण्याची एंडोस्कोपी आणि भूलतज्ज्ञाची फी धरली आहे का, हे लिहून घ्या. साधा बलून सहा महिन्यांनी काढावाच लागतो. काही प्रकार वर्षभर राहतात. गिळायच्या कॅप्सूलचा बलून साधारण १६ आठवड्यांनी आपोआप रिकामा होऊन शौचावाटे जातो, त्याला एंडोस्कोपी लागत नाही.

पहिले तीन दिवस उलट्या आणि पोटात पिळवटणं धरूनच चाला. उलटी रोखणारं ऑन्डान्सेट्रॉन वेळेवर घ्या, उलटीची वाट पाहू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट: ओआरएस, शहाळ्याचं पाणी, उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ. मे महिन्यात बसवू नका असं मी स्पष्ट सांगेन. इथल्या घामात शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं. दुसऱ्या आठवड्यात मऊ पेज, मुगाचं वरण. पोदेराचा (गोव्यातल्या पाववाल्याचा) पाव बरेच दिवस नको, तो बलूनला चिकटून बसतो. कोकमाची सोलकढीही सुरुवातीला नको, छातीत जळजळ वाढते.

आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल बलून असेपर्यंत रोज. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं बंद, अल्सर होतो. जठराची आधी शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) असेल तर बलून बसवतच नाहीत. हे पहिल्या भेटीतच सांगा.

सलाइनमध्ये बऱ्याचदा निळा रंग मिसळतात. लघवी हिरवी-निळी दिसली तर बलून गळतोय असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रिकामा बलून आतड्यात उतरून अडकू शकतो.

बलून काढण्याआधी फक्त रात्रीचा उपास पुरत नाही. बलूनमुळे जठर सावकाश रिकामं होतं, आणि गुंगीत अन्न वर आलं तर श्वासनलिकेत जातं. म्हणून दोन-तीन दिवस फक्त पातळ पदार्थ घ्यायचे. आदल्या दिवशी भात खाल्लात तर एंडोस्कोपी रद्द होऊन नवी तारीख घ्यावी लागते.